सिस्टर घरी येणार असेल तर: थकलेल्या आईबाबांच्या घरभेटीची सुरुवातीपासूनची तयारी

सकाळी साडेसातच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला, की तो बहुधा पुण्याचा नाहीतर बेंगळुरूचा असतो. "सिस्टर, आईबाबा इंदूरला, राजेंद्रनगरात दोघंच असतात. बाबांचं बी.पी. बघायला आठवड्यातून एकदा याल का?" मी हो म्हणते आणि उलट विचारते, "बी.पी. बघायला येऊ, की बाबांना बघायला येऊ?" पलीकडे जरा वेळ कुणी बोलत नाही.

प्रश्न खोचक वाटेल, पण पुढचं सगळं त्याच्यावर ठरतं. बी.पी.चं मशीन आता घरोघरी आहे, शेजारचा नातूसुद्धा पट्टा गुंडाळून बटण दाबू शकतो. सिस्टरला पैसे द्यायचे ते मागच्या मंगळवारपेक्षा या मंगळवारी माणसात काय बदललं हे तिला दिसावं म्हणून. त्यासाठी दोनच गोष्टी आधी लागतात. एक, दर वेळी तीच सिस्टर यायला हवी. दोन, घरात एक वही हवी. डेन्मार्कमध्ये तर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांच्या घरी नुसतं बघायला, बोलायला जाण्याची व्यवस्था १९९० च्या दशकात कायद्यानंच केली. त्या भेटीत इंजेक्शन नाही, ड्रेसिंग नाही. आपल्याकडे मात्र सुई टोचली नाही तर सिस्टर आली कशाला, असं घरच्यांना वाटतं.

मी वीस वर्षं वॉर्डात काढली आणि आता इंदुरात स्कूटरवरून घरभेटी करते. जे लिहिते आहे ते मुलांसाठी, सुनांसाठी, जावयांसाठी आहे. नव्यानं घरभेटी सुरू करणाऱ्या मुलींनीही वाचलं तर बरंच.

गरज आहे का, हे आधी ओळखा

आपण म्हणतो, "आई आता थकली." डॉक्टरांच्या भाषेत या थकण्याच्या पाच खुणा आहेत: न ठरवता वर्षभरात साडेचार किलोच्या वर वजन उतरणं, सतत दमल्यासारखं वाटणं, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचाल कमी होणं. यातल्या तीन किंवा जास्त दिसल्या तर माणूस नाजूक झाला असं समजायचं. म्हणजे एखादा साधा ताप, एखादे जुलाब, गोळीतला एखादा बदल त्याला अंथरुणाला खिळवू शकतो.

घरात या खुणा वेगळ्या रूपात दिसतात. ब्लाऊजला आतून टाके घातलेले असतात. बांगडी कोपरापर्यंत सरकते. अंगठीला दोरा गुंडाळलेला असतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला कामवाल्या बाईची वाट बघितली जाते. पूर्वी अन्नपूर्णा मंदिरापर्यंत पायी जाणारे काका आता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंतच जातात, आणि "आज ऊन फार आहे" असं जानेवारीतही सांगतात.

एक सोपी चाचणी घरीच करता येते. खुर्चीत बसवा, तीन मीटरवर जमिनीला टेप चिकटवा. उठायचं, टेपपर्यंत नेहमीच्या चालीनं जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंदांहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. वॉकर किंवा काठी असेल तर ती घेऊनच चालू द्या आणि कुणीतरी शेजारी हात तयार ठेवून उभं राहा. चाचणीतच पडले तर काय फायदा!

याशिवाय गेल्या महिन्यात हॉस्पिटलमधून घरी आलेत, वर्षभरात एकदा तरी पडलेत, किंवा रोजच्या गोळ्या पाचाहून जास्त आहेत, यातलं काहीही असेल तर वाट बघत बसू नका.

सिस्टर आणि अटेंडंट यांत गल्लत नको

या गल्लतीतून सर्वात जास्त भांडणं होतात. अंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, रात्री सोबत करणं ही अटेंडंटची, म्हणजे मावशींची कामं. ती कमी महत्त्वाची मुळीच नाहीत. चांगली मावशी मिळाली तर सिस्टरचं अर्धं काम सोपं होतं. पण इंजेक्शन, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, नाकातली नळी, खोल जखमेचं ड्रेसिंग ही कामं प्रशिक्षित सिस्टरचीच. युनिफॉर्म घातला की सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून नर्सिंगचा कुठला कोर्स केलाय ते विचारून घ्या. ए.एन.एम.चा (सहायक नर्स आणि दाई) कोर्स दोन वर्षांचा, जी.एन.एम.चा (जनरल नर्सिंग) तीन, बी.एस्सी. नर्सिंगचा चार. मध्य प्रदेशच्या नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र दाखवायला सांगा. खरी सिस्टर यात अपमान मानत नाही. मी तर पहिल्या भेटीला स्वतःच फाईल घेऊन जाते.

ठरवताना हे प्रश्न विचारा. दर वेळी तुम्हीच येणार, की एजन्सी ज्या मोकळ्या असतील त्यांना पाठवणार? तुम्ही सुट्टीवर असाल तेव्हा कोण? काही वेगळं आढळलं तर कुणाला कळवणार, मला की डॉक्टरांना? हातमोजे, कापूस, गॉज तुमचे की आमचे? भेट साधारण किती वेळाची? शेवटच्या प्रश्नाला "दहा मिनिटांत होतं हो" असं उत्तर आलं, तर दुसरी सिस्टर शोधा.

डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय इंजेक्शन किंवा सलाईन देणारी सिस्टरही नको. "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावून द्या ना" ही विनवणी मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावी लागते. हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला उगाच चढवलेलं सलाईन फुप्फुसात पाणी भरू शकतं. मी नाही म्हणते, आणि काही घरं त्यापायी सुटलीही आहेत.

पैशांचं सुरुवातीलाच स्पष्ट करा. सत्तरी गाठलेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. ते कार्ड जरूर काढून ठेवा, पण ते हॉस्पिटलात भरती होण्यासाठी आहे. घरी येणाऱ्या सिस्टरचा खर्च आपलाच.

पहिल्या भेटीआधी

एक कापडी पिशवी घ्या आणि घरातली सगळी औषधं तिच्यात भरा. सगळी म्हणजे सगळी: चालू असलेली, बंद केलेली, देवघराच्या फडताळातली, उशाखालची, वैद्यांचं चूर्ण, होमिओपॅथीच्या बाटल्या, गुडघ्यासाठी शेजारच्या काकूंनी दिलेली "फार गुणाची" गोळी. सुदामानगरच्या एका घरी पिशवी उलटी केली, तर बी.पी.ची एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी निघाली. एक हॉस्पिटलमधून आलेली, दुसरी जुनी. काकू दोन्ही नेमानं घेत होत्या आणि "सकाळी गरगरतं बाई" म्हणत होत्या.

तीन प्रकारच्या गोळ्यांवर माझं खास लक्ष असतं. दुखण्यावरच्या गोळ्या, कारण त्या मूत्रपिंडावर ताण आणतात, बी.पी. वाढवतात आणि पोटात रक्तस्राव करू शकतात. झोपेच्या गोळ्या, कारण रात्री लघवीला उठताना तोल जातो. आणि सर्दी-खोकल्याच्या, खाज-ॲलर्जीच्या जुन्या धाटणीच्या गोळ्या, कारण त्यांनी म्हातारी माणसं भ्रमल्यासारखी होतात आणि लघवी अडते. सिस्टर यातली कुठलीही गोळी स्वतःहून बंद करत नाही. ती यादी करते, ती यादी डॉक्टरांकडे जाते आणि निर्णय तिथे होतो.

शेवटचं डिस्चार्ज कार्ड, अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट आणि डॉक्टरांचा नंबर एका फाईलमध्ये ठेवा. हात असलेली, न हलणारी खुर्ची ठेवा. खोलीत उजेड हवा. त्वचा बघायची तर दिवसाउजेडी, खिडकीपाशी. वेळ सकाळी दहाच्या आसपासची बरी. पूजा आटोपलेली असते, जेवण व्हायचं असतं. दुपारच्या झोपेतून उठवलेलं माणूस खरं उत्तर देत नाही, नुसतं सुटका करून घेतं.

पहिली भेट: तासभर तरी

मी आधी पेशंटशी बोलते. सूनबाई दारातूनच सांगायला लागतात, "आईंना ना सिस्टर, काल रात्री..." मी म्हणते, "ताई, तुमचं मी पाच मिनिटांनी ऐकते. आधी माई काय म्हणतात ते ऐकू द्या." आपल्याला सोडून आपल्याविषयी बोललं जातंय, हे म्हाताऱ्या माणसाला फार लागतं.

पहिला प्रश्न आजाराचा नसतो. काल दिवसभर काय केलंत, हा असतो. किती वाजता उठलात, चहा कुणी केला, आंघोळीला स्टूल घेतलं का, दुपारी कोण आलं होतं. या एका गप्पेत स्मरणशक्ती, भूक, झोप, ताकद आणि एकटेपणा हे पाचही कळतात. कालचं जेवण आठवत नसेल आणि होळकरांच्या काळातली हकीकत तपशीलवार येत असेल, तर ते वहीत जातं.

मग पाळी बी.पी.ची. हे नीट वाचा, कारण इथे मी स्वतः चुकले आहे.

रामबागेतल्या एका काकांकडे मी तीन महिने जात होते. खुर्चीत बसवून बी.पी. घ्यायचे, दर वेळी १३८-१४० च्या आसपास. छान. मध्ये त्यांना प्रोस्टेटची नवी गोळी रात्रीसाठी सुरू झाली. मी वहीत नाव लिहिलं आणि नेहमीसारखं बसवूनच बी.पी. घेतलं. पंधरा दिवसांनी पहाटे चार वाजता ते लघवीला उठले आणि बाथरूमच्या उंबऱ्यात कोसळले. खुब्याचं हाड मोडलं. त्या गोळीनं उभं राहिल्यावर बी.पी. उतरू शकतं, हे मला माहीत होतं. मी उभं करून मोजलं नव्हतं, एवढंच.

तेव्हापासून क्रम असा. पाच मिनिटं आडवं पडू द्यायचं आणि मोजायचं. मग उभं करून एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. तोवर पेशंटला शिकवायचं: उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, पाय हलवा, मनात वीस मोजा, मग उभे राहा. पट्टा नेहमी उघड्या दंडावर, स्वेटरवर नाही. पाठ टेकलेली, पायावर पाय नाही, हात छातीच्या पातळीला, आणि त्या वेळी गप्पा बंद.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, तोही पेशंटच्या नकळत. मी नाडी धरल्याचं सोंग करते आणि छातीकडे बघते. मिनिटाला २४ च्या वर गेला तर काहीतरी शिजतंय. म्हाताऱ्या माणसाला न्युमोनिया झाला तरी ताप येईलच असं नाही, पण श्वास खोटं बोलत नाही. ऑक्सिजनचं मशीन बोटाला लावताना नेलपॉलिश नको, आणि बोट थंडगार असेल तर आधी चोळून गरम करा, नाहीतर आकडा उगाच घाबरवतो.

वजन दर वेळी एकाच काट्यावर, साधारण सारख्याच कपड्यांत. हळूहळू उतरलं तर खाण्याकडे, दातांकडे, मनाकडे बघायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, अंगात साठलेलं पाणी असतं. हृदयाच्या पेशंटला हा इशारा डॉक्टरांपर्यंत त्याच दिवशी पोहोचला पाहिजे. इथे मी डबे उघडून बघते. इंदूरच्या माणसाला पोह्यांवर शेव लागते, वरणावर लागते, नुसतीही लागते. "मीठ अगदी कमी केलंय हो" म्हणणाऱ्या काकूंच्या उशाशी शेवेचा डबा असतो आणि पायाला सूज असते.

शेवटी तोंड आणि पाय. कवळी काढायला लावून हिरड्या बघा. कवळी टोचते म्हणून माणूस आठवडाभर फक्त चहा-बिस्किटावर असतं आणि कुणाला सांगत नाही. मोजे काढायला लावा. "पाय ठीक आहेत" हे मोज्यावरून ऐकायचं नसतं. मधुमेही माणसाच्या बोटांच्या बेचक्यांत, तळव्याला आणि टाचेच्या मागे बोट फिरवून बघा.

एक तास संपला, बॅग आवरली, मी दाराशी आले की खरी गोष्ट बाहेर येते. "सिस्टर, एक विचारू? लघवी कळायच्या आतच होते हो." किंवा, "मुलाला सांगू नका, पण परवा मी गॅस चालू ठेवून झोपले." म्हणून मी चपला घालायच्या आधी पाच मिनिटं राखूनच ठेवते.

वही

दोनशे पानी साधी वही पुरते. मोबाईलचं ॲप मुलांना आवडतं, पण रात्री दोनला आलेल्या डॉक्टरला आईच्या मोबाईलचा पासवर्ड माहीत नसतो. पहिल्या पानावर नाव, वय, आजार, कशाची ॲलर्जी, चालू औषधं, डॉक्टर, जवळचं हॉस्पिटल, किल्ली कुठल्या शेजाऱ्यांकडे. त्यानंतर प्रत्येक भेटीला एक पान: तारीख, बी.पी. आडवं आणि उभं, नाडी, श्वास, वजन, साखर, खाणं, शौच, झोप, त्वचा. आणि तळाशी एकच ओळ: मागच्या वेळेपेक्षा काय वेगळं? काहीच नसेल तर "काही नाही" असं लिहायचं, रिकामं सोडायचं नाही. मुलांना पाठवायचा मेसेजही याच ओळीचा. नुसता "ऑल ओके" पाठवणाऱ्या सिस्टरला एकदा वहीचं पान मागून बघा.

बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्यानं होणारी जखम: बोटाची परीक्षा

जो अंथरुणात किंवा खुर्चीत दिवसाचा बराच वेळ काढतो, त्याच्या टाचा, माकडहाड, खुबे, कोपरं आणि डोक्याची मागची बाजू रोज बघायची. लालसर डाग दिसला तर बोटानं दाबा आणि सोडा. पांढरा होऊन परत लाल झाला तर त्वचा अजून वाचलेली आहे. त्या जागेवरचा भार लगेच काढा. दाबूनही लालच राहिला तर बेडसोअरची पहिली पायरी सुरू झाली. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीनं स्पर्श करून बघा. आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागतं.

लोकमान्यनगरच्या एका घरी मावशी त्या लाल जागेवर रोज खोबरेल तेलानं जोरात मालिश करत होत्या. मायेनंच करत होत्या. पण आतली त्वचा आधीच दुखावलेली असते, चोळण्यानं ती आणखी फाटते. लाल जागेवर मालिश नाही, स्पिरिट नाही, पावडरचा थर नाही. मधे भोक असलेली गोल उशीही नाही. ती कडेनं रक्तपुरवठा दाबते.

मग करायचं काय? दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण कुशीवर नाही, पाठीमागे उशी लावून साधारण तीस अंश कलतं. पोटरीखाली उशी अशी ठेवायची की टाच अधांतरी राहील. ओढत वर सरकवायचं नाही, चादरीसकट दोघांनी उचलायचं. एअर बेड चांगला आहे. दवा बाजारातल्या सर्जिकलच्या दुकानांत मिळतो, काही ठिकाणी भाड्यानंही. पण एअर बेड आला म्हणून कूस बदलणं थांबवू नका. आणि खाण्यात प्रथिनं वाढवा: दूध, दही, पनीर, डाळ, चालत असेल तर अंडं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. जखम काळी पडली, वास आला, किंवा आत पोकळी दिसली, तर घरगुती ड्रेसिंगचा हट्ट सोडा.

इन्सुलिन: लाल टोपण, नारिंगी टोपण

यावर कुणी बोलत नाही म्हणून सांगते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटवालं असतं, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं इन्सुलिन १०० युनिटवालं. काही बाटल्याही १०० च्या येतात, त्यांची सिरिंज नारिंगी टोपणाची. आता १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी जोडी झाली, तर दहाच्या खुणेपर्यंत भरलेलं इन्सुलिन प्रत्यक्षात पंचवीस युनिट असतं. अडीचपट. पेन बंद पडलं म्हणून त्यातलं इन्सुलिन सिरिंजनं ओढून घेण्याचा उद्योगही कुणी करू नये. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोघांनी मोठ्यानं वाचायचा, मगच भरायचं.

साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीत, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. वर आली की काहीतरी खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा. आणि इन्सुलिन टोचायच्या आधी एकच प्रश्न: "नाश्ता समोर आहे का?"

नळ्या

कॅथेटरची पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. दोनतृतीयांश भरली की रिकामी करा. नळी मांडीला चिकटपट्टीनं बांधा, ओढली जाता कामा नये. साबण-पाण्यानं रोजची स्वच्छता पुरते. लघवी जरा गढूळ दिसली म्हणून लगेच अँटिबायोटिक मागू नका. ताप, थंडी, ओटीपोटात दुखणं किंवा एकाएकी भ्रम असेल तर मात्र थांबू नका. नळी कधी बदलायची ते तिच्या प्रकारावर अवलंबून असतं. डॉक्टरांकडून तारीख लिहून घ्या.

नाकातल्या नळीनं भरवताना डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर, आणि भरवल्यानंतर तासभर तसंच. नळीवर नाकाशी मार्करनं खूण करून ठेवा. खूण सरकलेली दिसली तर थेंबही घालू नका, सिस्टरला बोलवा. नळी पोटाऐवजी श्वासनलिकेकडे गेली असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

फोन कधी, १०८ कधी

"म्हातारपणाचं आहे" हे वाक्य घरातून हद्दपार करा. कालपर्यंत नीट बोलणारे बाबा आज सकाळी भिंतीवरच्या माणसांशी बोलायला लागले, तर ते म्हातारपण एका रात्रीत आलेलं नाही. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, नवी गोळी, यातलं काहीतरी आहे. त्याच दिवशी डॉक्टर. जेवण दोन दिवस सुटलं, नव्यानं लघवी कपड्यात व्हायला लागली, पडले पण "काही लागलं नाही" म्हणतायत, तरीही त्याच दिवशी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर तिथे थांबायचंच नाही, थेट हॉस्पिटल.

तोंड वाकडं, एक हात लुळा, बोबडी वळली: १०८. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ वहीत लिहा, कारण गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. छातीत दाब, दम लागून बोलता न येणं, शुद्ध हरपणं, पडल्यावर पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसणं: १०८. अशा वेळी आधी मुलाला अमेरिकेत फोन करत बसू नका.

इंदूरपुरतं थोडं

रंगपंचमीला राजवाड्याच्या भागात गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक असते, अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे चित्ररथ. त्या भागात घर असेल तर ड्रेसिंग आदल्या दिवशी उरकून घ्या आणि ॲम्ब्युलन्सला कुठून यायला सांगायचं ते आधी ठरवा. मला एकदा स्कूटर जेल रोडला टाकून, गुलाल माखलेल्या ॲप्रनमध्ये कॅथेटर बदलायला जावं लागलं होतं.

एप्रिल-मे मध्ये दवा बाजारातून इन्सुलिन आणताना गार पिशवीतूनच आणा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ते अर्ध्या तासात खराब होऊ शकतं. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते. हाताची त्वचा चिमटून बघू नका, या वयात ती तशीही सैलच असते. जीभ आणि लघवीचा रंग बघा. पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी, चालू असताना जुलाब लागले तर डॉक्टरांना लगेच विचारा. ताक, पन्हं चांगलं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या पेशंटला दिवसाला किती, तेवढं मात्र डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

कचरा. हे शहर कचऱ्याच्या बाबतीत कडक आहे आणि ते आपल्या फायद्याचं आहे. डायपर आणि ड्रेसिंगचे बोळे कागदात गुंडाळून गाडीच्या वेगळ्या कप्प्यात. सुया कधीही पिशवीत नाही. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवायच्या, टोपण घट्ट लावायचं, वर "सुया" असं लिहायचं आणि घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्यायची, गाडीवाल्या भैयाला सांगून. सुईचं टोपण परत लावायला जाऊ नका, बोटाला तिथेच लागते.

आणि सांभाळणाऱ्याचं काय

दर भेटीत मी सूनबाईंचं किंवा मुलीचंही बी.पी. घेते. न मागता. अर्ध्या वेळा ते आईपेक्षा जास्त निघतं. रात्रीतून तीनदा उठणाऱ्या माणसाची चिडचिड होणारच. आठवड्यातून एक दुपार मावशींना किंवा भावजयीला बसवून तिला बाहेर पडू द्या. पण दंडावर बोटांचे वळ, कारण सांगता न येणाऱ्या जखमा, किंवा मुलगा खोलीत आला की गप्प होणारी आई दिसली, तर सिस्टरनं ते नजरेआड करायचं नाही. पेशंटशी एकटीनं बोला. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाईन आहे आणि आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ पासून आहे.

भेटी कमी कधी करायच्या

हॉस्पिटलमधून आल्यावर पहिले दोन आठवडे मी आठवड्यातून दोनदा-तीनदा जाते. मग आठवड्याला एकदा. वहीत सहा आठवडे तळाच्या ओळीत "काही नाही" येत राहिलं, वजन स्थिर, जखम बंद, तर पंधरवड्याला एकदा आणि पुढे महिन्याला. यात सिस्टरचं नुकसान होतं, म्हणून ती स्वतःहून सांगेलच असं नाही. तुम्ही वही उघडून विचारा. पुन्हा भरती झाले, पडले किंवा औषध बदललं, की परत आठवड्यावर. रामबागेतले ते काका आता वॉकरनं ओट्यापर्यंत येतात. मी महिन्यातून एकदा जाते, आणि बॅग उघडायच्या आत तेच विचारतात, "सिस्टर, आज आधी आडवं व्हायचं ना?"